असं बोलू नये

कोपर स्थानकाला दोन मजले आहेत. खाली मुंबई-कल्याण मार्गावरच्या धिम्या लोकल थांबतात. त्यांच्या डोक्यावरून, आडवा, दिवा-वसई मार्ग जातो आणि त्याचा फलाट उंचावर, वाऱ्यात, बराचसा ओसाड असा पडलेला असतो. खाली दर काही मिनिटांनी माणसांचा लोंढा. वर दिवसाकाठी मोजक्या गाड्या, आणि एखादी चुकली की दुसरीसाठी तासन्‌तास बसणे. डोंबिवलीकरांनाही हा वरचा फलाट फारसा ठाऊक नसतो. आम्हाला तो ठाऊक आहे, कारण आमची वहिनी वसईला राहते आणि तिचा मुलगा आमच्याकडे राहत असे.

येथे 'आम्ही' म्हणजे दोघे. एक जण महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी शाळेत. दोघेही नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांतून आलेले, मिशनच्या शाळांत शिकलेले, दर रविवारी उपासनेला जाणारे. लेखात कोणते वाक्य कोणाचे हे आता आमचे आम्हालाही सांगता येणार नाही. ज्या चुकीविषयी लिहायचे आहे ती मात्र दोघांनी मिळून केली, म्हणून हे सर्वनाम.

भाचा ठाण्याला नोकरीला लागला. वसईहून रोज ये-जा करण्यासारखे गाड्यांचे वेळापत्रक नव्हते, म्हणून सोमवार ते शनिवार तो आमच्याकडे कोपरला असे आणि शनिवारी संध्याकाळी वरच्या फलाटावरून घरी जाई. एका जुलैच्या सकाळी, पाऊस नसताना, तो कोपर आणि दिव्याच्या दरम्यान लोकलमधून पडला. तो तेवीस वर्षांचा होता. त्याचा डबा आम्ही भरून दिला होता. याहून अधिक त्या दिवसाविषयी लिहिणार नाही. या मार्गावर जे रोज प्रवास करतात त्यांना ते लिहून दाखवण्याची गरज नाही, आणि जे करत नाहीत त्यांना लिहून कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी वसईला घरी प्रार्थनासभा होती. खोली भरलेली. गीत झाले, वचन वाचून झाले, संदेश झाला. संदेशात, अशा प्रसंगी जे म्हटले जाते ते म्हटले गेले: प्रभूला आपल्या बागेत चांगली फुले हवी असतात, त्याची योजना आपल्या बुद्धीपलीकडची असते. बोलणारा मनुष्य सज्जन होता आणि त्याचा कंठ दाटून आला होता. त्याला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. तेवढ्यात वहिनी, जी तोवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, डोळे न उघडता म्हणाली, "तो पडत होता तेव्हा तू कुठं बघत होतास?"

आवाज मोठा नव्हता. पण त्या खोलीत तो सर्वांना ऐकू गेला. आणि ती कोणाशी बोलते आहे हे समजायला कोणालाही वेळ लागला नाही. मराठीत 'तू' म्हणून ज्यांच्याशी बोलावे असे फारच थोडे असतात आणि त्यांत देव एक.

आमच्यापैकी एकीने तिचा हात धरला आणि म्हटले, "वहिनी, असं बोलू नये." दुसऱ्याने मान डोलावली. वहिनी गप्प झाली. पाळकांनी आशीर्वाद दिला, चहा आला.

वास्तविक आमचा सगळा जन्म प्रश्न विचारायला शिकवण्यात गेला. वर्गात एखादे पोर उभे राहून "हे कशावरून?" म्हणाले की आम्हाला आनंद होतो. आणि तरीही त्या दिवशी, जेव्हा आमच्या ओळखीच्या एका व्यक्तीने तिच्या आयुष्यातला सर्वांत खरा प्रश्न ज्याला विचारायचा त्यालाच विचारला, तेव्हा तो आम्ही थांबवला. का, हे त्या वेळी आम्हाला विचारले असते तर आम्ही म्हटले असते की तिच्या भल्यासाठी. चार लोकांत तिची शोभा होऊ नये म्हणून. खरे कारण वेगळे होते आणि ते समजायला आम्हाला आठ महिने आणि एक जुना पत्रव्यवहार लागला.

पंडिता रमाबाई अभ्यासक्रमात नव्याने आल्या तेव्हा ग्रंथालयातून त्यांच्या पत्रांचा संग्रह घरी आणला होता. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला हा इंग्रजी ग्रंथ अ. भि. शहा यांनी संपादित केला आहे. शहा म्हणजे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक, हमीद दलवाईंचे स्नेही, पक्के इहवादी. एका ख्रिस्ती स्त्रीच्या श्रद्धेचा सर्वांत अंतरंग दस्तऐवज एका निरीश्वरवादी माणसाने वाचकांपुढे ठेवावा, यात काही विसंगती आहे असे आम्हाला वाटत नाही. पण आमच्या मंडळ्यांतून तो ग्रंथ फारसा कोणी वाचलेला नाही आणि तेथे रमाबाईंचे जे चरित्र सांगितले जाते त्यात या पत्रांचा उल्लेख सहसा नसतो. तेथे त्या थेट केडगावला पोहोचतात.

त्या इंग्लंडला गेल्या १८८३ साली. वय पंचवीस. आईवडील आणि बहीण दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेलेली, भाऊ श्रीनिवास १८८० साली गेलेला, पती बिपिनबिहारी १८८२ साली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, पण कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते स्वप्न सोडावे लागले. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिनच्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथवरची गोष्ट सर्वांना माहीत असते. पुढच्या दोन-अडीच वर्षांत, त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत व शिकवत असताना, त्यांची सिस्टर जेराल्डीनशी आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जी पत्रापत्री झाली ती मात्र विलक्षण आहे.

विलक्षण अशासाठी की बाप्तिस्मा झाल्यानंतर रमाबाईंचे प्रश्न संपत नाहीत, सुरू होतात. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये नेमका कोठे आहे? ख्रिस्ताचे ईश्वरत्व आपण कोणत्या अर्थाने मानायचे? कुमारीजन्माचे काय? अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार म्हणताना, जे तो अक्षरशः मानीत नाहीत ते सर्व नष्ट होतील असे आपण खरोखर म्हणत आहोत का? आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो की इंग्लंडच्या चर्चमध्ये? ही पत्रे वाचताना पुन्हा पुन्हा जाणवते की हा एका पुराणिकाच्या मुलीचा आवाज आहे. वाद कसा मांडावा, पूर्वपक्ष काय, प्रमाण कोणते, हे तिला अनंतशास्त्र्यांच्या घरात, अर्ध्या हिंदुस्थानच्या पायपिटीत, शिकायला मिळालेले. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता तसलेच दुसरे मी स्वतःहून चढवून घेणार नाही, अशा आशयाचे तिने लिहिले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना यातला एक लहानसा प्रसंग सर्वांत जास्त आवडतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना ती नको होती. लॅटिन ना त्यांना कळत होते, ना त्यांच्या देशभगिनींना. अक्षरे हवीच असतील तर ती संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह. एरवी ही फुटकळ बाब वाटेल. पण जो देव सर्वांचा आहे असे सांगितले जाते त्याच्या गळ्यातल्या खुणेची भाषा कोण ठरवणार, हा प्रश्न काही फुटकळ नव्हे. दुसरा वाद याहून गंभीर होता. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याविषयी हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले आणि ते प्रतिकूल आले: हिंदुस्थानात त्याचा वाईट परिणाम होईल. कलकत्त्याच्या पंडितांपुढे बोललेल्या, 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या स्त्रीला हे सांगण्यात आले. तिचे उत्तर वाचण्यासारखे आहे. त्यातला संताप शंभर वर्षांनी सुद्धा निवलेला नाही.

डोरोथिया बील यांची भूमिका समंजस होती. ही मुलगी साध्या माहितीने समाधान पावणारी नाही, तत्त्वज्ञानाच्या अंगाने तिला या धर्माकडे जाऊ दिले पाहिजे, घाई करू नये, असे त्यांना वाटे. सिस्टर जेराल्डीनला तसे वाटत नव्हते. तिला या सगळ्यात अहंकार दिसे. नम्रतेचा अभाव दिसे. शंका ही मोहाची पहिली पायरी आहे आणि आपल्या या लेकराला वेळीच सावरले पाहिजे, अशी तिची तळमळ. आणि तळमळ खरी होती, हेच अवघड आहे. रमाबाई तिला 'आजीबाई' म्हणत. मनोरमेला तिने सांभाळले होते. तिने रागावून लिहिलेल्या पत्रांतही माया आहे. ती वाचताना आम्हाला तिचा राग आला, मग एका रात्री, एकाच वेळी, दोघांच्याही लक्षात आले की हा आवाज आपण ऐकला आहे. असं बोलू नये.

जेराल्डीनला भीती कशाची होती? रमाबाई हातची जाईल याची, हे तर आहेच. पण आम्हाला वाटते त्याहून जवळची एक भीती तिला होती: ही मुलगी जे विचारते आहे त्याचे उत्तर आपल्याजवळ नाही, आणि ते नाही हे उघडे पडले तर आपण इतकी वर्षे कशावर उभ्या आहोत? त्रैक्याविषयी मठातल्या एका भगिनीने कधी विचार केलेला असेल-नसेल. तिला तो सांगितला गेला होता आणि तिने तो घेतला होता. आम्ही वहिनीला थांबवले तेव्हा हेच झाले. तिच्या प्रश्नाने देवाचा अपमान होईल असे आम्हाला क्षणभरही वाटले नव्हते. आम्हाला वाटले, की हा प्रश्न आता या खोलीत राहील आणि रविवारी उपासनेत आमच्याबरोबर बाकावर येऊन बसेल.

तो बसलाच. आठ महिने बसला होता.

जेराल्डीनविषयी अजून एक सांगायला हवे, कारण ते सांगितले नाही तर तिच्यावर अन्याय होईल. तिने ती सगळी पत्रे ठेवली. रमाबाईंची, स्वतःची, बील यांची, बिशपांची. जी पत्रे अहंकाराचा पुरावा वाटत होती ती तिने फाडली नाहीत. उतारवयात बसून ती जुळवली, लावली, त्यांचा संग्रह सिद्ध केला. शहांनी १९७७ साली संपादन केले ते याच संग्रहाचे. जिने प्रश्न थांबवण्याचा प्रयत्न केला तिनेच ते सांभाळून ठेवले, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा वर्ग थोडा वेळ शांत होतो. ती असे का वागली असेल यावर विद्यार्थ्यांशी बराच वाद झाला. एक विद्यार्थिनी म्हणाली, तिला स्वतःची बाजू बरोबर होती हे दाखवायचे असेल. असेलही. पण स्वतःची बाजू दाखवणारा मनुष्य सहसा समोरच्याचे इतके चांगले युक्तिवाद जपून ठेवत नाही.

त्याच तासाला मागच्या बाकावरून आलेला प्रश्न असा: "सर, एवढ्या शंका होत्या तर बाईंनी बाप्तिस्मा घेतला कशाला?" वर्गात हशा झाला, पण प्रश्न रास्त होता आणि आम्ही त्याचे उत्तर त्या दिवशी नीट दिले नाही. आज देऊन पाहतो. रमाबाईंनी पुढे १९०७ च्या सुमारास आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात त्याचा आशय असा, की इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, शारदा सदन सुरू होऊन पुण्यात आल्यावर सापडला. पंडितांच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. आधी समजून घ्यावे, मग स्वीकारावे. पण माणसे लग्ने करतात, मुले जन्माला घालतात, देशांतर करतात, ती सगळी अर्ध्या माहितीवरच. वाँटेजच्या भगिनींनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले होते. आपल्याकडच्या शास्त्रांत अशा स्त्रीला परतीची वाट नाही आणि येथे ती आहे, एवढे त्यांना दिसले. तेवढ्यावर त्यांनी पाऊल टाकले. त्रैक्याचे पुढे पाहू.

मराठीत 'शंका' या शब्दाची मोठी मौज आहे. शंका विचारली तर ती जिज्ञासा, घेतली तर तो संशय, आणि मनात धरली तर पाप. शंकासमाधान करणारा गुरू चांगला, शंकेखोर शिष्य वाईट. आमच्या मंडळ्यांत लहानपणी प्रश्नोत्तरावली पाठ करून घेत. त्यात प्रश्नही छापलेले असत आणि उत्तरेही. प्रश्न शब्बाथशाळेच्या बाईंनी म्हणायचा, उत्तर मुलाने. वर्षानुवर्षे हे झाल्यावर मुलाच्या मनात पक्के बसते की प्रश्न ही मोठ्यांची वस्तू आहे आणि आपल्या वाट्याला उत्तर आलेले आहे. (परीक्षेच्या गाईडांनी आमच्या पेशातही हेच केले आहे, पण तो विषय आज नको.) वहिनीने भिंतीला टेकून जे केले त्यात ही वाटणीच उलटली.

आणि गंमत अशी की मराठी ख्रिस्ती परंपरेची सुरुवातच न छापलेल्या प्रश्नांनी झालेली आहे. काशीला राहणारा नीळकंठशास्त्री गोऱ्हे हा विशीतला तरुण १८४४-४५ मध्ये मिशनऱ्यांचे खंडन करायला बसला आणि त्याने संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. पूर्वजन्मीचे कर्म मानायचे नसेल तर निष्पाप जिवाच्या दुःखाचा हिशेब तुमचा देव कसा लावणार, हा त्याचा एक आक्षेप. १८४८ साली तोच शास्त्री नेहेमिया गोऱ्हे झाला. या माणसाचा तो जुना प्रश्न सुटला होता का? चरित्रावरून तसे दिसत नाही. जन्मभर शंकांनी त्याची पाठ सोडली नाही. ज्याला स्वतःला शांती नव्हती त्याच्याच लेखनाचा पुढे रमाबाईंच्या निर्णयावर परिणाम झाला. आम्हाला वाटते, ज्याला पूर्ण खात्री आहे त्याने रमाबाईंचे मन वळवले नसते.

टिळकांची गोष्ट आमच्या कोपरच्या वाचकांना जास्त जवळची, कारण ती गाडीत घडते. १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला, काव्यावर गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो वाचला तो खुणा करत, नाके मुरडत, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले. पुढे 'ज्ञानोदया'च्या संपादकांशी पत्रव्यवहार, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. पण लक्ष्मीबाईंना हे सांगायचे राहिले! मराठी साहित्यातले सर्वांत मोठे अनुत्तरित 'का?' त्या बाईचे आहे, आणि 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. नवरा गेला म्हणून ती मागे गेली नाही. ती पाच वर्षे आपल्या गतीने, आपल्या शिवाशिवीशी आणि सोवळ्याशी भांडत राहिली आणि १९०० साली आपल्या पायांनी आली. तिची विनोदबुद्धी हा तिच्या श्रद्धेचा भाग आहे, हे समीक्षकांनी अजून पुरेसे सांगितलेले नाही.

टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. या विधानाचा अर्थ आपल्याकडे बहुधा भक्तीच्या गोडव्यापुरता घेतला जातो. पण तुकोबांच्या वाटेवर देवाशी भांडणही येते. विठोबाला शिव्या देणारी जनाबाई, त्याला जाब विचारणारा चोखोबा, उधारी मागितल्यासारखे त्याच्या दारात बसणारे तुकोबा, ही सगळी वहिनीच्या पणज्या-आज्यांच्या कानांवर असलेली भाषा. तिसऱ्या दिवशी ती जे बोलली ते जात्यावरच्या कोणत्याही बाईने ओळखले असते. आम्ही दोघे शिकलेले म्हणून आम्हाला ते ओळखता आले नाही.

बायबलमध्ये तरी निराळे काय आहे? ईयोबाचे मित्र भेटायला येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी. मग ते बोलू लागतात, आणि जे बोलतात ते सगळे धर्मशुद्ध असते. ग्रंथाच्या शेवटी देव ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, उलट त्यालाच प्रश्नांनी झोडपतो. पण मित्रांना मात्र सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, हा माझा सेवक बोलला. ईयोबाने देवावर आरोप केले होते. मित्रांनी देवाची वकिली केली होती. सात दिवस सोडा, आम्हाला तीन दिवस गप्प बसता आले नाही.

लूकच्या पहिल्याच अध्यायात दोन प्रश्न आहेत आणि आम्ही ते अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. देवदूताला जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू? तो मुका होतो. मरिया विचारते, हे कसे होईल? तिला उत्तर मिळते. उपदेशांत या भेदाची पुष्कळ स्पष्टीकरणे मिळतात, ती सगळी आम्हाला थोडी ओढूनताणून वाटतात. त्यांत जखऱ्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. मार्क आणि मत्तय या दोघांच्या शुभवर्तमानांत मात्र क्रुसावरून येणारे एकमेव वाक्य प्रश्नार्थक आहे, आणि दोघांनीही ते मूळ भाषेतल्या ध्वनींसह जपले आहे. त्याला तेथे कोणी उत्तर दिले नाही. कोणी "असं बोलू नये" असेही म्हटले नाही. खाली उभे असलेल्यांना ते नीट ऐकूच आले नव्हते. तो एलियाला हाक मारतो आहे असे त्यांना वाटले.

येथे आम्हाला स्वतःला एक आडवे घ्यायला हवे. प्रश्नांची स्तुती करणे आमच्यासारख्या लोकांना फार सोपे जाते. आम्ही प्रश्नावर जगतो. परीक्षेत तो दहा गुणांना येतो. चर्चासत्रांत असे प्रश्न विचारले जातात की ज्यांच्या उत्तराने विचारणाऱ्याच्या दिनक्रमात पाच मिनिटांचाही फरक पडू नये. ते प्रश्न म्हणजे एक प्रकारची आरामखुर्ची. पिलातानेही सत्य म्हणजे काय असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो बाहेर गेला. रमाबाईंचे प्रश्न असे नव्हते. उत्तर पटेना तेव्हा त्यांना आश्रयदात्यांची मर्जी, मुलीचे संगोपन, शिक्षणाची सोय, सगळेच धोक्यात घालावे लागले. आणि काही प्रश्नांची उत्तरे त्यांना पुढे मिळाली तेव्हा त्यांनी ती घेतली. केवळ शंकेखोर म्हणून ओळख राहावी याची त्यांना हौस नव्हती. त्यांचे उत्तरायुष्य बायबलच्या मराठी भाषांतरात गेले. मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाई त्यानंतर काही महिने त्या भाषांतराच्या कामात होत्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूनंतर ईयोब, स्तोत्रे, शुभवर्तमाने ही त्यांच्या कानांत कशी वाजली असतील, याचा आम्ही हल्ली पुष्कळ विचार करतो.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही वसईला गेलो. वरच्या फलाटावर त्या दिवशी आमच्याशिवाय सात-आठ माणसे होती. गाडी सुटल्यावर लगेच उल्हास खाडीचा पूल येतो, मग भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र. भाचा हा प्रवास दर शनिवारी करत असे आणि खाडीवरून वारा येतो म्हणून दारात उभा राही. आम्ही आत बसलो. वसई जवळ आली की फादर दिब्रिटोंची आठवण निघते. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या या धर्मगुरूने हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून सत्तेला प्रश्न विचारले. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांच्याविषयी बोलत होतो, पण खरे तर दोघेही मनात एकच वाक्य जुळवत होतो.

वहिनी भाजी निवडत होती. दादा बाहेर गेला होता. आम्ही बरेच इकडचे तिकडचे बोललो, आणि मग आमच्यापैकी एकीने सांगून टाकले, की त्या दिवशी आम्ही तुला गप्प केले ते चुकले. तू विचारलेस ते बरोबर होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते म्हणून आम्ही घाबरलो.

वहिनीने मेथीची जुडी खाली ठेवली. "ताई," ती म्हणाली, "मी देवाला विचारलं होतं. तुम्हाला नव्हतं विचारलं. तुम्ही कशाला मधी बोलला?"

यावर काय बोलणार! थोड्या वेळाने तिने विचारले, चहा घेणार की आधी जेवणार. स्वयंपाकघरातून ती बोलत राहिली. उपासनेला ती जाते. गीते म्हणते. मतांगीकाराच्या वेळी सर्वांबरोबर उभी राहते, पण सुरुवातीचे देवाचे सर्वसमर्थपण सांगणारे शब्द आले की तोंड मिटून घेते आणि पुढचे पुन्हा म्हणते. शेजारच्या बायकांच्या ध्यानात आले आहे. पाळकांच्याही आले असेल, पण ते काही म्हणाले नाहीत. एकदा उपासनेनंतर दारात त्यांनी तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला, एवढेच.

"रोज विचारते," ती म्हणाली. "रात्री झोपताना. तो काही बोलत नाही. पण ऐकत नसता तर मी कधीच बंद केलं असतं."

हे वाक्य तर्काच्या दृष्टीने तपासायला घेतले तर टिकणार नाही. आम्ही ते घेतले नाही.

परतीची गाडी संध्याकाळची होती. वहिनी फलाटापर्यंत आली, पिशवीत मेथीचे ठेपले. गाडी यायला वेळ होता तेव्हा तिने एकदम विचारले, त्या तुमच्या रमाबाईंच्या पत्रांचे पुस्तक मराठीत आहे का. संग्रह इंग्रजीत आहे असे सांगितल्यावर ती म्हणाली, मग पुढच्या वेळी घेऊन या, तुम्ही वाचा आणि मला सांगा. म्हणून आता महिन्यातून एका शनिवारी आम्ही तो ग्रंथ घेऊन वरच्या फलाटावर जातो. डिसेंबरपर्यंत १८८५ पर्यंत आलो आहोत. अथानासियसवरचे पत्र वाचून झाले तेव्हा वहिनीने ते पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि मग जेराल्डीनचे उत्तर वाचू लागलो तर म्हणाली, थांबा, ह्या आजीबाईला जरा पाणी द्या, बाई फार घाबरलीय.